बनाचा अर्धा अर्थ

अकोला,
४ एप्रिल २०२५

ती. दादास,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रागाने केला आहे, पण पूर्ण केला आहे. आप्पांचा नियम मी अजून पाळते. घरात कुणाला राग आला की तोंड बंद करायचं आणि कागद घ्यायचा. मायना पूर्ण, अक्षर सरळ, उत्तर आठ दिवसांत. मायन्याशिवाय आलेलं भांडण आप्पा लाल पेन्सिलीने खूण करून परत पाठवत. एका घरात राहून आपण दोघांनी एकमेकांना किती पत्रं लिहिली असतील! आज आधी फोनच हातात घेतला होता. पण तुझा आवाज ऐकला असता तर मायना बाजूलाच राहिला असता.

सकाळी पेपर उघडला आणि त्यातून गुळगुळीत कागदाचं एक रंगीत पत्रक मांडीवर पडलं. नांदगाव खंडेश्वर रोड, महामार्गापासून दहा मिनिटं, एन.ए. प्लॉट, क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक. नाव ‘द वोल्ड’. रद्दीत टाकणार तोच मागच्या बाजूला तुझा फोटो दिसला, निवृत्तीच्या समारंभातला, शाल पांघरलेला. खाली तुझा इंग्रजी मजकूर. वोल्ड हा जंगलासाठीचा किती जुना शब्द, तो कुठून आला, त्याचे भाऊबंद कोण. शेवटी प्रा. गोपाळकृष्ण, इंग्रजी विभागप्रमुख (निवृत्त). मला क्षणभर अभिमान वाटला. तो परत घेते.

कारण शेजारीच नकाशा होता. नाला, नाल्यावरचा जुना रपटा, महादेवाचं देऊळ, आणि मधोमध हिरव्या रंगात ‘फेज वन’. दादा, ते आपलं बन आहे. शेत गेलं, नांदगावचं घर गेलं, आप्पांचं म्हणून हे अडीच एकर बनच उरलं होतं. बाभळी, हिवर, बोरी, दोन पळस. आप्पांनी शेजारच्या चंद्रभानला आणि रुख्मिणीला सांगून ठेवलं होतं, की वाळलेलं तुमचं, ओलं कोणाचंच नाही. ती दोघं आजतागायत तसंच वागत आली. रुख्मिणीच्या बकऱ्या बाभळीच्या शेंगांवर जगतात, पण हिरव्या फांदीला तिने कधी विळा लावला नाही.

आणि आप्पा गेले त्या वर्षीची भाऊबीज आठव. ओवाळणीच्या ताटाशेजारी तू माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलंस. मी एका शब्दाने वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, की बाकीचं तुला हवं ते कर, बन तेवढं विकू नकोस आणि तोडू नकोस. तू हो म्हणालास. वहिनी तेव्हा तिथे होती. ती आज नाही म्हणून तो शब्दही गेला का?

विकलंस का, एवढंच विचारते. हो किंवा नाही लिही. शब्दाची व्युत्पत्ती नको.

लोभ आहे. कमी करता आला असता तर या पत्रापुरता तरी केला असता.

तुझी,
कुंदा


अमरावती,
१० एप्रिल २०२५

चि. कुंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद. ते मनापासून आहेत, आणि पुढचा मजकूर लिहून झाल्यावरही मागे घेणार नाही.

नाही. मोठ्या अक्षरात लिहितो, नाही. बन मी विकलेलं नाही. विकायला माझी सही लागते आणि अशी सही मी केलेली नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्याची धाकटी बहीण चोर ठरवते, तेही पेपरातून पडलेल्या एका चिठोऱ्यावरून. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुझं डोकं जास्तच तापतं, असं मैथिली मला पुण्याहून फोनवर म्हणाली होती. मी तिला दटावलं होतं. आता वाटतं, तुझी लेक तुला बरोबर ओळखून आहे.

कुलदीप हा माझा जुना विद्यार्थी. बी.ए.ला तीन वेळा बसला, पण वर्गात कधी टवाळकी केली नाही. डिसेंबरात पेढे घेऊन आला आणि म्हणाला, सर, एक लेआउट काढतोय, सगळे ग्रीन सिटी नाहीतर पार्क ठेवतात, मला जुनं, वजनदार इंग्रजी नाव पाहिजे. कुंदा, निवृत्तीला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत मला कोणी एका शब्दाचा अर्थ विचारला नाही. विजेचं बिल कसं भरायचं ते लोक मला शिकवतात. तो मुलगा वही घेऊन समोर बसला. मी त्याला त्या संध्याकाळी सात शब्द सांगितले, त्यातला वोल्ड त्याला आवडला.

तू नको म्हटलंस तरी सांगतो, कारण तुला कळायला हवं मी काय केलं आणि काय नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दक्षिणेकडे वील्ड आणि उत्तरेकडे वाल्ड म्हणत, अर्थ जंगल. जर्मन लोक आजही जंगलाला वाल्डच म्हणतात. दक्षिणेतलं वील्ड एका प्रदेशाचं नाव होऊन बसलं, उत्तरेतल्याचा पुढे वोल्ड झाला. वाइल्ड या शब्दाशी त्याचं नातं असावं असं काही पंडित म्हणतात, काहींना ते पटत नाही. नंतर उत्तरेतली ती जंगलं तुटली, मेंढ्या चरू लागल्या, आणि तोच शब्द उघड्या टेकाडांना लागला. आजच्या कोशात वोल्ड म्हणजे उंचावरचा बिनझाडांचा मुलूख. हा शेवटचा भाग पत्रकात नाही. कुलदीप म्हणाला, सर, जागा कमी पडते. मलाही ते पटलं.

नकाशा मी पाहिला नाही. माझ्याकडे मजकुराचं प्रूफ आलं होतं, त्यात दोन स्वल्पविराम चुकीचे होते, ते मी दुरुस्त केले. नांदगाव रोडला नाला काय एकच आहे? देऊळ काय एकच आहे? नीट चौकशी कर, आणि मग माझी क्षमा माग. मायन्यासकट.

लोभ करत राहा, मात्र संशय जरा कमी कर.

तुझा,
दादा


अकोला,
१६ एप्रिल २०२५

ती. दादास,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

चौकशी केली. रुख्मिणीचा फोन आला आणि काल पहाटे निघाले, गाडीने बडनेऱ्याला उतरले आणि तिथून एस.टी.ने नांदगाव. बडनेऱ्यापासून तुझं घर किती जवळ आहे ते मी तुला सांगायला नको. चहालाही आले नाही.

नाल्याकडच्या अकरा बाभळी गेल्या. कापल्या नाहीत, जेसीबीने मुळासकट उपटल्या. मुळं वर, शेंडे खाली, नाल्यात. उरलेल्या झाडांच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे ओढले आहेत, म्हणजे पुढची पाळी त्यांची. त्या उन्हात उभी राहिले आणि मला रडू नाही आलं, संताप आला. नऊ वर्षांत तू तिकडे फिरकला नाहीस असं रुख्मिणी म्हणाली. तुझ्या जंगलाच्या शब्दाला तू दहा मिनिटांत बाराशे वर्षं मागे नेतोस आणि स्वतःच्या बापाच्या बनापर्यंत अर्ध्या तासात पोचत नाहीस!

कुलदीपची माणसं आली तेव्हा चंद्रभान आडवा गेला. त्याला त्यांनी कागद दाखवले. चंद्रभानने कागदाचे मोबाइलवर फोटो काढून घेतले, ते मी छापून सोबत जोडते आहे. एक आहे मुखत्यारपत्र, जानेवारीतलं. तुझ्या वतीने बनाचा व्यवहार करायचा अधिकार तू तुझ्या सोहमला दिलास. दुसरी आहे सोहमने कुलदीपला करून दिलेली इसारचिठ्ठी. खरेदीखत अक्षय्य तृतीयेला. मुखत्यारपत्रावरची सही नीट बघ. गोपाळकृष्ण मधल्या ळ ला अशी शेपटी अख्ख्या अमरावतीत दुसरं कोणी काढत नाही.

तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. तू वाचलंच नसशील. एका बिल्डरच्या पत्रकातले दोन स्वल्पविराम तुला दिसले, आणि आपल्या मुलाने पुढे केलेला बनाचा कागद दिसला नाही. हे खोटेपणापेक्षा वाईट आहे, कारण खोटं बोलणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

आणि त्या शेवटच्या भागाबद्दल. जागा कमी पडली म्हणे! बोडक्या टेकाडाचा अर्थ छापला असता तर प्लॉट कोण घेणार होतं? बत्तीस वर्षं तू पोरांना सांगितलंस की शब्दाचा अर्धा अर्थ देणं म्हणजे चुकीचा अर्थ देणं. पेढ्यांच्या एका डब्यावर ते सगळं विसरलास.

सोहम नालायक निघाला. हे मी आत्या म्हणून लिहिते, त्याला वाचून दाखव.

परत येताना तहसीलमध्ये विनापरवाना झाडं पाडल्याचा अर्ज देऊन आले. माझ्या एकटीच्या सहीने. हक्क सोडला आहे मी, तोंड नाही.

लोभ असू दे म्हणायची माझी आज इच्छा नाही, पण आप्पांनी पत्र परत पाठवलं असतं म्हणून लिहिते.

कुंदा


अमरावती,
२१ एप्रिल २०२५

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

सही माझी आहे.

जानेवारीतली ती दुपार मला आता स्पष्ट आठवते. मी वोल्डच्या मजकुराचा तिसरा खर्डा करत होतो. सोहम कागद घेऊन आला, कुठे कुठे सही करायची तिथे त्याने पेन्सिलीने फुल्या करून आणल्या होत्या. मी फुल्यांवर सह्या केल्या. नंतर त्याने मला गाडीत घालून कुठल्या ऑफिसात नेलं, तिथे अंगठा आणि फोटो घेतला, आणि येताना आम्ही रसवंतीवर रस प्यायलो. त्या सगळ्या वेळात माझ्या डोक्यात एकच होतं, नॉर्स भाषेतला या शब्दाचा भाऊबंद मैदानासाठी कसा काय वापरतात.

काल सोहमला बोलावून विचारलं. तो मुळीच वरमला नाही. म्हणाला, बाबा, मी तुम्हाला स्वच्छ मराठीत सांगितलं होतं की बनाचं काम आहे, तुम्ही मान डोलावलीत. म्हणाला, तिथे तुम्ही शेवटचे कधी गेलात? तिथे आहे काय, काटे. मला मुलाच्या शिक्षणाचं बघायचंय. मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती की काय, मला कळत नाही. त्याने खरंच सांगितलं असेल आणि मी खरंच मान डोलावली असेल, ही शंका मनातून जात नाही. मी एवढंच म्हटलं की जाताना दार लावून घे.

मुखत्यारपत्र आज रद्द करून आलो. कुलदीपकडेही गेलो. तो पाया पडला. तुझ्या अर्जाची नोटीस त्याला पोचली होती, त्यामुळे इसारचिठ्ठी त्याने माझ्यासमोर फाडली आणि नाल्याच्या पलीकडची जमीन बघतो म्हणाला. माझा मजकूर काढून टाक म्हटलं तर हात जोडून म्हणाला, सर, दहा हजार छापलेत. नावही तेच ठेवणार. मी भर ऑफिसात ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्यावर ओरडलो असेन. त्याने मला पाणी दिलं आणि शिपायाला माझ्यासाठी ऑटो बोलवायला सांगितलं. म्हातारा झालो म्हणजे काय, ते त्या ऑटोत कळलं.

बन माझ्याकडे ठेवायची आता मला भीती वाटते. चंद्रभान आणि रुख्मिणी तिथे रोज जातात, त्यांनीच ते राखलं. त्यांच्या नावाने करून द्यावं असं मनात आहे. तसं त्यांना पत्र टाकलं आहे.

तुझा राग रास्त आहे. तरी आशीर्वाद स्वीकार.

दादा


अकोला,
२५ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मुखत्यारपत्र रद्द केलंस, ऑफिसात ओरडलास, हे वाचून बरं वाटलं. पण सोहमला काय म्हणालास, तर दार लावून घे! अकरा झाडं उपटणाऱ्या माणसाला बापाने सांगायचं ते एवढंच? कुलदीपवर ओरडायला तुझा आवाज निघतो आणि पोटच्या पोरापुढे बसतो. तुझ्या या मऊपणानेच तो एवढा निगरगट्ट झाला. लहानपणी त्याने मी तपासायला आणलेल्या शाळेच्या वह्या नाल्यात सोडल्या तेव्हाही तू हसलाच होतास.

माझ्या मैथिलीने असं काही नुसतं मनात आणलं असतं, तरी तिला मी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. जेवू घातलं नसतं. हे मी शांतपणे लिहिते आहे, दोनदा वाचून.

बन रुख्मिणीला द्यायचं तर जरूर दे. मला विचारलं नाहीस याचा राग आला, पण मी विचारण्याजोगी आहे कुठे? कागदावर मी कोणीच नाही. ती घेईल तर चांगलंच होईल.

तब्येतीला जप. रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. हा लोभच आहे, तसा वाच.

कुंदा


नांदगाव खंडेश्वर,
ता. ३ मे

गोपाळकृष्ण भाऊ यायले रुख्मिणीचा नमस्कार.

मी माह्या हातानं लिवून राहिली. चवथी शिकेल आहो, तुमच्या आप्पायच्याच शाळेत. मायना त्याईनंच शिकवला होता. चुकलं तं लाल पेन्सिल मारजा.

तुमचं पत्र आलं का बन आमच्या नावानं करून देतो म्हनून. यायनं वाचलं अन् गुपचूप बसले. मी गुपचूप बसनारी नाई. आमाले बन नको. तुमाले राग येईन तं येऊ द्या, मले पह्यलेच आला हाय.

काहून नको ते सांगतो म्हन्लं तं आईकजा. आमचा शिवम अमरावतीले मोबाइलच्या दुकानात हाय. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी त्यानं कुलदीपशेठले फोन केला. कागद व्हायचाच होता आजून. तुमचा सोहम काय अन् आमचा शिवम काय. आमचे हे पोराले नाई म्हनत नाईत. तुमी तरी म्हनता का? आमच्या नावानं केलं तं दिवाळीच्या आंधी बन साफ.

जेसीबी आला तवा मी त्या डायवरले शिव्या देल्ल्या. अकरा झाडं पडले तरी आईके ना. मंग बकऱ्या आनल्या अन् चाकापुढं बसवल्या. बकऱ्याईले काय, त्या बसल्या. तो कटाळून जेवाले गेला तवा मी कुंदाताईले फोन केला. तुमी बहीनभाऊ मंग कागदावर लय भांडले म्हने. भांडा. पन नऊ वर्सांत तुमी आले नाई अन् ताई बी चार वर्सांनी आल्या. राग दोघाईले हाय, याले कोनालेच टाइम नाई. मले राग बी हाय अन् रोज जावं बी लागते.

भाऊ, बन ताईचं हाय, ताईले द्या. तुमी सही घेतली त्या भाऊबीजेले मी तुमच्या वसरीत दिवे लावत होती. ताईनं हासत सही केली अन् मंग परसात येऊन रडली. तुमाले मालूम नाई. मले मालूम हाय, मीच पानी देल्लं. मले म्हने कोनाले सांगू नको. सत्तावीस वर्स नाई सांगतलं. आता सांगून राहिली, कावून का तुमाले वाचल्याबिगर काई समजत नाई.

ताईच्या नावानं झालं तं त्याइले यावं लागीन. पाहाले बी अन् मायासंग बोंब माराले बी.

नाल्याकडची माती वाहून चालली. पानी यायच्या आंधी काट्या टाकाव्या लागतीन, दोन मानसं पाठवजा. लोभ तं तुमच्या आप्पापासून हायच.

रुख्मिणी


अमरावती,
१४ मे २०२५

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

रुख्मिणीचं पत्र जसंच्या तसं सोबत पाठवतो. त्यावर काही लिहिणार नाही. परसातलं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा माझा धंदाच झालेला दिसतो.

माणसं घेऊन परवा मी स्वतः गेलो होतो. काट्या टाकून झाल्या. पलीकडच्या काठावर कुलदीपने अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन उरकलं आहे आणि कमानीवर ‘द वोल्ड’ चढलंय. वर्तमानपत्राला मी पत्र लिहिलं होतं, शब्दाचा राहिलेला अर्थ देऊन, माझ्या चुकीसकट. ते छापलं नाही. जाहिरात छापली.

बनात मी रुख्मिणीला एकेका झाडाचं नाव विचारत होतो. हिवर आणि बाभूळ मला वेगळी ओळखता आली नाहीत. तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा म्हणाली, भाऊ, आता बसा. मी बसलो. खूप वेळ बसलो.

बक्षीसपत्र तयार आहे. अडीच एकर बन तुझ्या नावाने. या वेळी प्रत्येक ओळ वाचली, दोन चुका काढल्या, वकील वैतागला. सोमवार २६ मे, सकाळी अकरा, नांदगावचं निबंधक कार्यालय. हे मी तुला देत नाही, परत करतो आहे. ये.

दादा


अकोला,
३१ मे २०२५

चि. मैथिलीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोन ठेवताना तू विचारलंस, आई, काय झालं, गप्प का झालीस. त्याचं उत्तर कागदावर देते. आपल्या घरची ही रीत तुला माहीत आहे. तू तिला हसतेस, तेही मला माहीत आहे.

सोमवारी नांदगावला गेले होते. दादाने बक्षीसपत्र मला स्वतः वाचून दाखवलं, मोठ्याने, कारकुनासमोर, वर्गात धडा वाचावा तसं. माझा अंगठा मशीनवर उमटेना. खडूने घासलेली बोटं ती. सहाव्यांदा उमटला. रुख्मिणी साक्षीला होती, तिने लफ्फेदार सही केली. दादाने सही केली आणि प्रत्येक पान पुन्हा तपासलं. मी त्याच्यावर दोन महिने इतकी तुटून पडले होते की आता काय बोलावं ते सुचेना, म्हणून गोळी घेतलीस का ते विचारलं.

त्याला घेऊन सोहम आला होता. गाडीतून उतरला नाही. उन्हात काच वर करून बसून राहिला. मी त्याच्या शेजारून गेले आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मुद्दाम. मला त्याचं समाधानही वाटलं.

ते सगळं सांगायला काल तुला फोन केला. बन माझ्या नावाने झालं म्हटलं. तू म्हणालीस, वा. मग विचारलंस की महामार्गामुळे तिकडे एकरी काय भाव चाललाय, सहज विचारतेय म्हणालीस, म्हणजे पुढेमागे फ्लॅटला. जावईबापूंचा आवाज मागून येत होता, सातबारा आला का विचार म्हणून. नावावर होऊन चार दिवस झाले होते, मैथिली. चुन्याचे पट्टे अजून झाडांवरून गेलेले नाहीत.

रात्रभर डोकं तापलेलं होतं. सकाळी कागद घेतला. सोहमबद्दल जे जे लिहिलं होतं ते सगळं तुलाही लिहायचं ठरवलं. पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर मायना लिहिला आणि पेन तिथेच थांबलं. भावाचा मुलगा म्हणून तो नालायक, आणि तू माझी म्हणून तुझी अडचण असेल, तुझा हप्ता असेल, पुण्यात सगळंच महाग आहे. एका दमात मी तुझी वकिली सुरू केली होती. दादाने दार लावून घे एवढंच का म्हटलं, ते मला आज सकाळी दहा वाजता समजलं. मला तुझा राग आला आहेच. पण मला माझा जेवढा आला आहे, तेवढा या दोन महिन्यांत कोणाचाच आला नव्हता.

बन विकणार नाही. मी असेपर्यंत नाही. माझ्यानंतर काय होईल ते मला दिसतं आहे आणि त्याच्यावर मला उपाय सापडलेला नाही. रुख्मिणीलाही सापडलेला नाही, मी विचारलं. पाऊस लागायच्या आत अकरा खड्डे करायचे, एवढं दोघींचं ठरलंय.

पुढच्या शनिवारी तू येणार आहेस. असल्या मुलीला उंबऱ्याच्या आत घेणार नाही, जेवू घालणार नाही, असं मी दादाला महिन्यापूर्वीच लिहून दिलं होतं, दोनदा वाचून. तू ये. गाडी उशिरा आली तरी मी जागी असेन. पोळ्या करून ठेवीन, आणि तुझ्याशी बोलणार नाही.

तुझी,
आई